बंदुकीचा वाटा

"वयनी, भांडा हाड! बंदुकीचो वाटो इलो!"

लवू घाडी आमच्या खळ्यात शिरायचा तो असा ओरडतच. हातात सागाच्या पानात बांधलेलं पुडकं, मागे त्याचा तांबडा कुत्रा आणि तोंडभर हसू. त्या दिवशी मात्र त्याच्या टोपीला एक भोक पडलेलं होतं. पुडकं घेता घेता मी त्या भोकाकडे बघत राहिले, तसं त्याने टोपी काढली, भोकात बोट घातलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढून मला हलवून दाखवलं.

"बाबलचो छरो," तो म्हणाला. "झाळीत हाललंय तर माका डुक्कर समाजलो. मी म्हटलंय, अरे मेल्या, डुक्कर टोपी घालता काय?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो खो खो हसला. ओटीवर बसलेले माझे सासरेही हसले. मला हसू येईना.

"नाना, हसतास काय? बोटभर खाली लागला असता तर?"

"लागला नाय मा?" नाना म्हणाले. "हाड ता पुडका हयसर."

मी पुडकं त्यांच्या हातात दिलं. काचबिंदूने नानांचे दोन्ही डोळे गेलेले होते. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच काय ते कळायचं. पण पुडकं तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केलं की वाटा पुरता आहे की नाही ते बिनचूक सांगायचे. "बरोबर आसा," असं म्हणाले की पुडकं माझ्याकडे यायचं. "बाबलान हात मारल्यान," म्हणाले की दुसऱ्या दिवशी बाबल राऊळाला निरोप जायचा आणि तो निमूट आणखी चार तुकडे पाठवायचा.

बाबल हा आमच्या किरवड्याचा माजी सरपंच आणि शिकारीचा पुढारी. आणि ज्या बंदुकीने तो शिकार करायचा ती होती माझ्या सासऱ्यांची.

ठासणीची जुनी एकनळी बंदूक. शेताच्या राखणीसाठी म्हणून परवाना मिळालेला, गोपाळ विठू पालव, म्हणजे नाना, यांच्या नावावर. ती त्यांनीच वापरायची, आपल्याच शेतात वापरायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, बंदुकीची दारू कुलपात ठेवायची, असे सरकारचे नियम. त्यातला एकही आमच्या घरात पाळला जात नव्हता. दर रविवारी ती गोणपाटात गुंडाळून बाबलच्या खांद्यावरून रानात जायची आणि संध्याकाळी परत यायची. दारूचा डबा देवघराच्या फळीवर, निरांजनाच्या शेजारी. लग्न होऊन आले तेव्हा मी तो पहिल्यांदा कोनाड्यात हलवला आणि नानांची बोलणी खाल्ली.

गावाला नियम माहीत नव्हते असं मात्र नाही. मटणाचे सगळे नियम पाठ होते. ज्याच्या बाराने डुक्कर पडला त्याला डोकं आणि मागची मांडी. हाकारे घालणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा. कुत्र्याला वाटा, तो कुत्र्याच्या धन्याला मिळायचा. आणि बंदुकीला वाटा. बंदुकीचा मालक घरी पाय पसरून बसला असला तरी त्याच्या दारात तो पोचता झालाच पाहिजे, आणि पोचता करायची जबाबदारी बंदूक नेणाऱ्याची. बाबल तो लवूच्या हाती धाडायचा. मालक स्वतःच बंदूक घेऊन गेला तर हा वाटा निघत नसे. त्याने रानातच आपलं डोकं-मांडी घ्यायचं, बंदुकीचा वेगळा हिशेब नाही.

माणसाला वाटा हवा असेल तर मात्र त्याने वाटपाला हजर राहायचं. एकदा लवूचा पाय मुरगळला आणि तो लंगडत आधीच घरी आला. त्याला एक तुकडा मिळाला नाही. "हजर नाय तेका वाटो नाय, वयनी," असं तो स्वतःच मला समजावत होता, जणू मीच काही वेड्यासारखं विचारलं होतं. बंदुकीला घरबसल्या वाटा आणि पाय सुजलेल्या माणसाला काही नाही. हे त्याला सरळ वाटत होतं, नानांना वाटत होतं, गावाला वाटत होतं. मटण मीही शिजवत होते. चवीला चांगलं लागायचं, खोटं का सांगू.

टोपीला भोक पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लवूची बायको सत्यवती मागच्या दाराने आली. पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

"वयनी, ती बंदूक तुझ्या घरात आसा मा, म्हणान माका झोप लागणा नाय."

"लवूक सांग, जाव नको म्हणान."

"तो आयकता काय? सगळे जातत, मग हो कसो रवतलो? बाबल तेका हाकाऱ्याक पुढे घालता. बंदूकच नसली तर जातले कशाक?" मग म्हणाली, "निवडणूक इल्यार कसा बरा वाटता. कायम निवडणूक आसूक होई बघ."

मला तेवढ्यातही हसू आलं. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागत. तेवढे दिवस किरवड्यात रविवार शांत जायचा. निकाल लागला की बंदुका घरी आणि बाबल दारात.

"सत्यवती," मी म्हटलं, "मी ती कायमची जमा करतंय. तू बघ."

परवान्याची मुदत संपत आलीच होती. मी तालुक्याला ठाण्यात जाऊन विचारून आले. मालकाला नको असेल तर बंदूक ठाण्यात आणून द्यायची, परवाना रद्द करायचा अर्ज करायचा. मालकाने मात्र स्वतः यायला हवं. म्हणजे प्रश्न ठाण्याचा नव्हताच, नानांचा होता. माझा नवरा गोव्यात नोकरीला. त्याला फोन केला तर म्हणाला, "ता तुमचा तुमी बघा. माका मधी घेव नको."

नानांशी मी सकाळी बोलायला सुरुवात केली ती दुपारपर्यंत.

"केळी कोण राखतलो? तू?" ते म्हणाले.

"बंदूक तुमच्या केळीत शेवटची कधी गेली, नाना? ती जाता बाबलबरोबर देवराईच्या रानात."

"माझ्या बापाशीची बंदूक ती."

"ती रवांदे. पण ती चालवणारो कोण? तुमका समोरचो माणूस दिसना नाय."

हे बोलायला नको होतं. नानांनी काठी हाताशी ओढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "बंदूक गेली की ह्या घराक कोण विचारतलो गो? आता निदान रविवारी चार माणसां खळ्यात येतत. नाना, नाना करतत. मगे कोण येतलो?"

ते खरं होतं. रविवार सोडला तर आठवड्याभरात त्या खळ्यात येणारा एकच माणूस होता, लवू. तो यायचा आणि बंदुकीच्या नळीला खोबरेल लावता लावता नानांशी गप्पा मारत बसायचा. नाना बोटांनी घोडा चाचपत त्याला जुन्या शिकारी सांगायचे. रानात बार झाला की तो कुणाच्या बंदुकीचा हे नाना आवाजावरून ओळखायचे. आपली असली की मान ताठ करून म्हणायचे, "आमची." लवू म्हणायचा, "नानांचे कान म्हंजे डोळेच." एवढ्यावर म्हाताऱ्याचा आठवडा निघायचा.

"येणारो लवूच मा?" मी म्हटलं. "तेच्या टोपीक भोक पडला. पुढच्या खेपेक तोच नसलो तर?"

शेवटी मी सांगितलं की मुदत वाढवायला गेलं तर डोळे तपासतील, आणि चारचौघांत बंदूक काढून घेतील. त्यापेक्षा आपण होऊन दिलेली बरी. ते पटलं. "सोमवारी जावया," ते म्हणाले. मी लगेच रिक्षा सांगून ठेवली आणि सत्यवतीलाही कळवलं.

गावात काही लपून राहत नाही. रविवारी सकाळी बाबल खळ्यात उभा. पांढरी बनियन, खाकी हाफपँट, मागे हाकाऱ्यांची टोळी आणि तिच्यात लवू, तीच भोकाची टोपी घालून.

"वयनी, आजचो दिवस," बाबल म्हणाला. "उद्या तुमी खंय ती समुद्रात टाका. शेवटची पारध, नानांच्या बंदुकीची."

"नाय," मी दारात उभी राहिले. "बंदूक आता खंयच जावची नाय."

त्याने माझ्याशी बोलणंच सोडलं. माझ्या डोक्यावरून आत आवाज टाकला, "नाना! घराचो कारभार सुनेकडे दिल्यात काय?"

आतून काठीचा आवाज आला. नाना भिंत चाचपत बाहेर येत होते. दुसऱ्या हातात बंदूक होती. मी आडवी झाले तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. आंधळ्या माणसाच्या अंगात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"घे रे बाबल," ते म्हणाले. "ह्या घरात अजून मी जिवंत आसंय."

टोळीतून कुणीतरी "वा नाना!" म्हणालं. नाना हसले. मी लवूकडे गेले.

"लवू, तू तरी जाव नको. सत्यवतीक काय सांगू मी?"

"वयनी, मी नाय गेलंय तर कुत्रो कोणाचा आयकतलो?" तो नेहमीसारखाच हसला. "आणि बंदुकीचो शेवटचो वाटो कोण हाडतलो?"

सकाळीच एक बार झाला. नाना ओटीवर बसले होते. "आमची," ते म्हणाले. "पडलो बघ." दुपारी त्यांना पेज वाढली. ते जेवत होते आणि मी समोर बसून लोणच्याची फोड त्यांच्या पानात ठेवत होते, तेव्हा दुसरा बार झाला. त्यांनी घास हातातच ठेवून कान दिला.

"आमची," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आज दोन."

त्यानंतर रानातून आरडाओरडा ऐकू आला, पण तो शिकारीतही येतोच. पेज संपली. मी भांडी घासत होते तेव्हा लवूचा कुत्रा एकटाच खळ्यात आला आणि ओटीखाली जाऊन बसला.

"लवू इलो?" नानांनी विचारलं.

लवू आला नाही. रस्त्यावरून जीप गेली ती हॉर्न वाजवत. थोड्या वेळाने शेजारची मंडळी धावत आली आणि कळलं ते असं, की दुसऱ्या हाकाऱ्याला लवू झाडीतून बाहेर आला आणि बाबलने बार टाकला. छरे मानेत आणि छातीत गेले. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तो पोचलाच नाही. घाटीच्या उतारावर जीपमध्येच त्याचा जीव गेला.

मी सत्यवतीकडे गेले. तिथलं काही सांगत नाही. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सोमवारी म्हटला होतंस मा वयनी?" आणि मी तिच्याजवळ बसून राहिले. दिवेलागणीला घरी आले, नाना एकटे होते म्हणून.

ओटीवर बाबल बसलेला होता. अंघोळ करून आला होता. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. नखांच्या कडांना मात्र काळसर राहिलेलं होतं. ते कुणाचं, डुकराचं की लवूचं, हे मला सांगता आलं नसतं. त्याच्याबरोबर गावातले आणखी दोघे होते, ते खांबाला टेकून जमिनीकडे बघत होते.

"नाना, इचार करा," बाबल सांगत होता. "बंदूक तुमची, परवानो तुमचो. बार तुमच्या हातसून सुटलो म्हटला तर तो अपघात. माझ्या हातसून म्हटला तर परवान्याबगर बंदूक, आणि वर माणूस मेलो. माझी पोरां शिकतत, नाना. तुमका ह्या वयात कोण काय करूचो नाय. मी पोलिसांक तसाच सांगलंय. बंदूक थंयच ठेवलीहा, जाग्यावर. नाना घाबारले म्हणान तेंका घराक हाडून सोडलांव, असा."

"बाबल," मी म्हटलं, "तुका लाज वाटता काय? नानांक दिसना नाय ता अख्ख्या गावाक म्हायत आसा."

"ताच तर, वयनी," तो शांतपणे म्हणाला. "दिसलां नाय, म्हणानच तर लागलां. पोलिसांकव पटतला."

मी या माणसाला इतकी वर्षं चहा दिला होता. त्याच्याकडे बघताना मला राग आला नाही, किळस आली. अळी भाजीत दिसल्यावर येते तशी. पण त्याहून वाईट मी पुढे बघितलं. मी नानांकडे वळले. मला वाटलं, ते ओरडतील, काठी उगारतील, निदान लवूच्या नावाने दोन टिपं गाळतील.

नाना ताठ बसले होते. तोंडावर एक वेगळीच कळा आली होती. कितीतरी वर्षांनी कुणीतरी म्हणत होतं की नानांनी बार टाकला.

"माझी बंदूक," ते म्हणाले. "माझो बार. सांग तेंका."

"नाना, तुमी पेज जेवत होतास! माझ्या समोर!"

"तू गप रव. बायलमाणसान ह्यात बोलाचा नाय."

बाबलने सुटकेचा श्वास सोडला. उठताना त्याने बाजूला ठेवलेलं पुडकं उचललं आणि नानांच्या मांडीवर ठेवलं. सागाचं पान, वर केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ.

"आणि ह्यो तुमचो वाटो," तो म्हणाला.

मला आधी कळेचना. "कसलो वाटो?"

"सकाळचो डुक्कर मा. पोलिस येवच्या आधी संपवूक होयोच होतो, तेव्हा वाटप करून घेतलांव. वयनी, झाला ता झाला. पण रीत ती रीत. नाना कधी वाट्याशिवाय रवले नाय."

म्हणजे लवूला जीपमध्ये घालून दोघे-तिघे गेले आणि बाकीच्यांनी मागे राहून डुक्कर कापला. पानं तोडली, वाटे लावले, सोपाने गाठी मारल्या. एकीकडे तो घाटीत जीव सोडत होता. बाबल आणि ते दोघे निघून गेले. पोलिसांना घेऊनच येतो, असं सांगून गेले.

नानांनी पुडकं तळहातावर घेतलं. सवयीने दोनदा वरखाली केलं. मग तिसऱ्यांदा केलं.

"जड आसा गो आज," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात समाधान होतं. मी विचारलं, "जड कशान?"

"लवू नव्हतो मा वाटपाक. तेचो वाटो मोडलो. कुत्र्याचोय मोडलो आसतलो. ते सगळ्यांका वाटले गेले." आणि पुडकं माझ्यापुढे धरून म्हणाले, "वायच तिखट घाल आज."

मी मागल्या दारी गेले आणि ओकले. परत येऊन ओटीच्या खांबाला धरून उभी राहिले, तर ओटीखालून लवूचा कुत्रा बाहेर येऊन पुडक्याच्या वासाने नानांच्या पायांशी घोटाळत होता. नाना त्याला "हाड, हाड" करत होते.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड खळ्यात आला. हवालदार म्हापणकर, एक शिपाई, पुढे बाबल आणि मागे निम्मं गाव. म्हापणकर आमच्याच तालुक्याचे. ते पायरीवर बसले आणि सरकारी मराठीत त्यांनी सुरू केलं.

"गोपाळ विठू पालव तुम्हीच? बंदूक तुमच्या नावावर आहे?"

"व्हय."

"आज शिकारीला कोण घेऊन गेलं होतं?"

"मीच," नाना म्हणाले. "माझ्या हातसून बार गेलो."

मागे कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळा गाव उभा होता आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्यांनी सकाळी "वा नाना!" म्हटलं होतं तेच आता माना खाली घालून उभे होते. त्यांच्यातल्या एकाएकाच्या घरी तसलंच पुडकं चुलीवर चढलेलं असणार, हे माझ्या डोक्यात आलं.

"दिसत नाही तर बंदूक कशी चालवली?" म्हापणकरांनी विचारलं.

"आवाजार," नाना म्हणाले. "माझे कान म्हंजे डोळेच."

लवूचे शब्द. लवूचे शब्द वापरून ते लवूला मारल्याचं सांगत होते. मला आणखी सोसवलं नाही. मी पुढे झाले, नानांच्या मांडीवरचं पुडकं उचललं आणि म्हापणकरांच्या पुढ्यात पायरीवर ठेवलं.

"साहेब, ह्या काय ता बघा."

त्यांनी बॅटरी मारली. "मटण दिसतंय."

"रानडुकराचा. हो बंदुकीचो वाटो. आताच बाबल राऊळान हाडून दिल्यान." मी बाबलकडे बघितलं. "तुमी हयचेच, साहेब. बंदुकीचो वाटो घराक कधी येता, ता मिया सांगूक नको. मालक स्वतः गेलो तर बंदुकीचो वाटो नाय. तो रानातच मांडी घेता. बंदूक दुसऱ्यान न्हेली, तरच वाटो घराक येता, आणि न्हेणारोच तो पोचतो करता. नानांनी डुक्कर मारल्यानी, तर नानांची मांडी खंय आसा? मांडी कोणाच्या घरात शिजता, ता बघून येवा."

म्हापणकरांनी हळूच बाबलकडे बॅटरी वळवली. बाबलचं तोंड उघडं राहिलं होतं. एवढं सगळं रचलं, बंदूक जागेवर ठेवली, म्हाताऱ्याला पढवलं, साबणाने हात धुतले, पण वाटा पाठवायचा राहिला असता तर त्याला चैन पडलं नसतं. सरकारचा नियम मोडताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, त्याला मटणाचा नियम मोडता आला नाही.

"काय रे बाबल?" म्हापणकर म्हणाले, आणि त्यांची सरकारी मराठी कुठल्या कुठे गेली. "मांडी कोणी घेतलंन?"

"वयनी घर फोडता, साहेब," बाबल एवढंच म्हणाला.

"मांडी कोणी घेतलंन, ता इचारलंय मी."

तेव्हा मागच्या गर्दीतून सत्यवतीचा दीर पुढे आला. तोही हाकाऱ्यात होता. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "बाबलान." मग दुसरा कुणी बोलला, मग तिसरा. एकदा सुरुवात झाली तशी सगळ्यांना जीभ फुटली, आणि ज्याला त्याला आपण कसे आधीपासूनच बाबलला सांगत होतो ते सांगायची घाई झाली. मला तेही ऐकवेना. मी आत निघून गेले.

बाबलला त्या रात्री नेलं. खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी त्याला शिक्षा झाली, मग अपील, ते सगळं व्हायचं तसं झालं. बंदूक पुराव्यात गेली ती परत आली नाही. सत्यवती मुलांना घेऊन माहेरी गेली. जाताना तिने लवूचा कुत्रा आमच्याकडे ठेवला. आमच्या खळ्यात मात्र नंतर कुणी आलं नाही. मी गावाचं नाव घालवलं म्हणे. दुकानात गेले तर बायका बोलता बोलता थांबायच्या. ते मी सोसलं, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

नाना त्यानंतर काही वर्षं जगले. माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. लवूचं नाव मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. मी वाट बघत होते. मला वाटायचं, आज ना उद्या म्हातारा एकटा बसलेला असताना काहीतरी म्हणेल, निदान कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवेल.

अगदी शेवटच्या दिवसांत, ते खाटेवर पडून असताना, पलीकडच्या गावच्या रानात बार झाला. कुत्र्याने कान टवकारले. नानांनी मान उचलली आणि ऐकलं.

"आमची न्हय," ते म्हणाले.

मग त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला, तळवा वर करून उघडा धरला, आणि दोनदा वरखाली केला. मी जवळ जाऊन बसले. मला वाटलं, आता बोलतील.

"किती जड होतो गो त्या दिवसाचो वाटो," नाना म्हणाले. "पोलिसांका दिलंस."